गाण्यांची दुकाने कुठे गेली? तबकडीपासून मोबाईलपर्यंतचा इतिहास

मुंबईत काळा घोडा भागात, जहांगीर आर्ट गॅलरीच्या समोर, 'ऱ्हिदम हाऊस' नावाचे गाण्यांचे मोठे दुकान होते. देश स्वतंत्र झाला त्याच सुमाराला, १९४८ साली ते सुरू झाले आणि २०१६ च्या सुरुवातीला कायमचे बंद झाले. बंद होणार अशी बातमी आली तेव्हा पेपरांनी रकानेच्या रकाने भरून लिहिले. मोठमोठे गायक-वादक हळहळले. हळहळ वाटणे बरोबरच होते. पण त्याच्या आधीच्या दहा-पंधरा वर्षांत नायगाव, वरळी, परळ, चेंबूर, घाटकोपर अशा कामगार वस्त्यांतली कॅसेटची किती छोटी छोटी दुकाने बंद पडली? त्यांच्यावर कोणी एक ओळ लिहिली? नाही लिहिली. मोठे दुकान मेले की त्याचा इतिहास होतो, छोटे दुकान मेले की तिथे दुसऱ्या दिवशी मोबाईलचे कव्हर विकायला बसतात.

विहाराच्या स्मरणिकेत हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला आमचे उत्तर असे की, आपली चळवळ जेवढी पुस्तकांतून वाढली तेवढीच गाण्यांतून वाढली. ज्या आयाबहिणींना अक्षर ओळखता येत नव्हते त्यांच्यापर्यंत बाबासाहेब गाण्यातून पोचले. ती गाणी आधी जलशात होती, मग तबकडीवर आली, मग कॅसेटवर, मग सीडीवर आणि आता मोबाईलवर. प्रत्येक वेळी वाहन बदलले. वाहन बदलताना सामान किती आले आणि किती मागे राहिले, हे कोणीतरी मोजायला नको का? म्हणून हा लेखप्रपंच.

तबकडीचा जमाना

आवाज साठवून ठेवण्याचे यंत्र अमेरिकेत एडिसनने १८७७ साली केले. ते नळकांड्यावर चालत असे. दहा वर्षांनी, १८८७ मध्ये, एमिल बर्लिनर याने सपाट तबकडीची पद्धत काढली आणि तिथून खरा धंदा सुरू झाला. कारण नळकांड्याच्या भरपूर प्रती काढणे अवघड, तबकडी मात्र एका साच्यावरून हजारोंनी छापता येते. आम्ही गिरणीत राबलेली माणसे, आम्हाला हे लगेच कळते. एका नमुन्यावरून हजार नग निघायला लागले की त्या वस्तूचा बाजार होतो.

हिंदुस्थानात हा बाजार यायला फार वेळ लागला नाही. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेडरिक गैसबर्ग नावाचा तंत्रज्ञ कलकत्त्याला आला आणि त्याने इथल्या गायिकांची गाणी मुद्रित केली. त्यात गौहरजान होती. मुद्रण इथे व्हायचे, पण तबकड्या छापायला माल जायचा जर्मनीतल्या हॅनोव्हरला, आणि छापून परत यायचा. गौहरजानच्या जुन्या रेकॉर्ड ऐकल्या तर शेवटी ती स्वतःचे नाव इंग्रजीत सांगते. त्याचे कारण असे देतात की, परदेशातल्या कारखान्यातल्या माणसांना कळावे ही तबकडी कोणाची, तिच्यावर लेबल कोणाचे लावायचे. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. गाण्याच्या शेवटी नाव सांगण्याची गरज पहिल्या दिवसापासून होती. या मुद्द्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

१९०८ साली कलकत्त्यात सियालदह इथे तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला, आणि पुढे १९२८ च्या सुमाराला डमडमचा मोठा कारखाना. 'हिज मास्टर्स व्हॉइस' म्हणजे एचएमव्ही, तो कर्ण्यापुढे बसलेला कुत्रा, घराघरात ओळखीचा झाला. मुंबईतही १९३५ मध्ये 'यंग इंडिया' छापाच्या रेकॉर्ड काढणारी देशी कंपनी उभी राहिली. पण बाजारावर हुकमत राहिली ती एचएमव्हीचीच.

त्या काळची रेकॉर्ड कशाची असे? तिच्यात मुख्य माल लाखेचा. लाख म्हणजे झाडाच्या फांदीवर बसणाऱ्या किड्याचा चीक. छोटा नागपूरच्या रानात आदिवासी माणसे ती गोळा करीत. जगातल्या रेकॉर्ड कंपन्यांना लागणारी बहुतेक लाख आपल्याच देशातून जात असे. म्हणजे लंडनच्या दिवाणखान्यात साहेब जे गाणे ऐकत होता, त्याच्या तळाशी आमच्या आदिवासी बाईचे कष्ट होते. रेकॉर्डच्या इतिहासात गाणाऱ्याचे नाव सापडते, कंपनीचे सापडते, लाख खरवडणाऱ्या हातांचे नाव कुठे नाही.

ही रेकॉर्ड मिनिटाला ७८ फेरे घेई आणि एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे वाजे. जो गवई रात्रभर गाणारा, त्यालाही तीन मिनिटांत आटपावे लागे. पुढे १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने लाँग प्ले काढली. ती प्लॅस्टिकची, मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेणारी, एका बाजूला वीस-बावीस मिनिटे चालणारी. दुसऱ्या वर्षी ४५ फेऱ्यांची छोटी रेकॉर्ड आली. आपल्याकडे या नव्या रेकॉर्ड थोड्या उशिरा रुळल्या.

रेकॉर्डचे दुकान त्या वेळी म्हणजे देऊळच होते, आणि देवळासारखेच त्याचे दार सगळ्यांना सारखे उघडे नव्हते. कोणी अडवीत नसे, पण खिसा अडवी. ग्रामोफोन घ्यायचा, सुया घ्यायच्या, रेकॉर्ड घ्यायच्या, हे गिरणीकामगाराच्या पगारात बसणारे काम नव्हे. आमच्या वडीलधाऱ्यांनी रेकॉर्ड ऐकल्या त्या इराण्याच्या हॉटेलात, लग्नाच्या मांडवात आणि गणपतीच्या लाऊडस्पीकरवर. १९७५ साली 'शोले' आला, त्याच्या गाण्यांबरोबर संवादांचीही रेकॉर्ड पॉलिडॉर कंपनीने काढली. ती तर नाक्यानाक्यावर वाजली. पोरांना सिनेमा न बघता संवाद पाठ झाले!

कॅसेट आली आणि दार उघडले

१९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने कॅसेट काढली. दोन छोट्या चक्रांवर गुंडाळलेली फीत, वर प्लॅस्टिकची पेटी. आपल्याकडे तिचा खरा सुकाळ झाला १९७० च्या दशकाच्या शेवटी. आखाती देशांत कामाला गेलेले लोक येताना 'टू-इन-वन' घेऊन येऊ लागले. सरकारने आयातीवरची बंधने सैल केली, आणि मग इथेच कॅसेट आणि टेपरेकॉर्डर बनू लागले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत बाजार जवळजवळ सगळा कॅसेटच्या ताब्यात गेला आणि रेकॉर्ड मागे पडली.

हा नुसता यंत्राचा बदल नव्हता. रेकॉर्ड छापायला कारखाना लागतो, साचे लागतात, मोठे भांडवल लागते. कॅसेट भरायला एक खोली आणि प्रती काढायची यंत्रे पुरतात. त्यामुळे झाले काय, की कोणाचे गाणे बाजारात यावे आणि कोणाचे येऊ नये हे ठरवण्याची एकाच कंपनीची मक्तेदारी मोडली. दिल्लीत दर्यागंजला फळांच्या रसाच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या गुलशनकुमार यांनी १९८३ साली 'सुपर कॅसेट्स' म्हणजे टी-सीरीज काढली आणि स्वस्त कॅसेट पानाच्या टपरीवर, किराण्याच्या दुकानात नेऊन ठेवली. त्यांच्या धंद्याच्या पद्धतीवर पुष्कळ टीका झाली. दुसऱ्यांची गाजलेली गाणी नव्या गळ्यांतून गाऊन घ्यायची, कायद्यातल्या सवलतीचा फायदा घ्यायचा, हे त्यांनी भरपूर केले. १९९७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत अंधेरीला त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. पण कॅसेट गरिबाच्या घरात पोचली, हे त्या काळातच घडले, हे नाकारता येत नाही.

पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ साली उत्तर हिंदुस्थानातल्या या कॅसेटच्या लाटेवर एक अख्खा ग्रंथ लिहिला. त्याचा गाभा हाच, की कॅसेटने लहान भाषा, लहान जाती, लहान प्रदेश यांच्या गाण्याला बाजारात जागा करून दिली. तिकडे बिरहा आणि रसिया, तशी आपल्याकडे कोळीगीते, लोकगीते, तमाशाची वगनाट्ये, कव्वाल्या. आणि आपली भीमगीते.

आंबेडकरी गाण्याची परंपरा कॅसेटच्या कितीतरी आधीची. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव होत होते. नंतर वामनदादा कर्डकांनी आपले सगळे आयुष्य या गाण्यावर ओवाळून टाकले. वामनदादांचा जन्म १९२२ चा, निधन २००४ चे. पण जलसा जिथे होईल तिथेच ऐकायला मिळणार. रात्र सरली की गाणे माणसांच्या तोंडात उरायचे, तेवढेच. कॅसेटने ते गाणे घरात आणले. प्रल्हाद शिंदे यांचा तो खडा आवाज, विठ्ठल उमपांची शाहिरी, पुढे आनंद आणि मिलिंद या शिंदे बंधूंची गाणी, ही सगळी वस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत सकाळ-संध्याकाळ वाजू लागली. चौदा एप्रिल जवळ आला की नवीन कॅसेटी यायच्या. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे स्टॉल लागायचे. खेड्यापाड्यांतून आलेली माणसे एका पिशवीत पुस्तक आणि एक कॅसेट घेऊन परत जायची. असा तो प्रचार होता. त्याला ना सरकारचे अनुदान, ना शेटजीची देणगी.

दुकान म्हणजे काय होते

वस्तीतले कॅसेटचे दुकान म्हणजे सहा बाय आठची जागा. तीन बाजूंना लाकडी फळ्या, त्यावर कॅसेटींच्या कडा बाहेर करून लावलेल्या. समोर एक स्पीकर, तो दिवसभर वाजत. एका बाजूला कोऱ्या कॅसेटींचा ढीग, कारण लोक यादी घेऊन यायचे आणि आपल्या पसंतीची गाणी भरून घ्यायचे. फीत अडकली तर पेन्सिल घालून सरळ करून देणे, तुटली तर चिकटवून देणे, हेही तिथेच.

पण दुकानदार हा नुसता विक्या नसे. तो गाण्यांचा जाणकार असे. गिऱ्हाईक येऊन म्हणायचे, "ते गाणं नाही का, त्यात भीमाबाईचा उल्लेख आहे, बाई गातेय." एवढ्या खुणेवर तो हात वर करून नेमकी कॅसेट काढायचा. हे गाणे कोणी लिहिले, चाल कोणाची, ढोलकी कोणाची, पहिली कॅसेट कोणती, हे त्याला तोंडपाठ. आणि एवढेच नाही. त्या दुकानासमोर चार माणसे उभी राहायची. हे चांगले, ते भिकार, हा गायक पूर्वी बरा गायचा, असे वाद व्हायचे. नव्या पोराला जुने गाणे तिथेच कळायचे. काळा घोड्याच्या त्या मोठ्या दुकानात ऐकून बघायला काचेच्या खोल्या होत्या. आमच्याकडे रस्ताच ती खोली होती.

एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. शहरातल्या झगमगीत दुकानांत आमच्या गाण्यांना फळी नसायची. आम्ही गिरणीत नवे लागलो तेव्हा, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला, एका नावाजलेल्या दुकानात भीमगीतांची कॅसेट मागितली, तर काउंटरवरच्या माणसाने "असलं आम्ही ठेवत नाही" एवढेच सांगितले. 'असलं' या एका शब्दात सगळे आले. म्हणून वस्तीतली दुकाने आणि चैत्यभूमीचे स्टॉल हीच आमची दुकाने होती. ती गेली म्हणजे काय गेले, हे त्यामुळे आम्हालाच जास्त कळते.

आकड्यांत बसलेले गाणे

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. रेकॉर्डवर आवाज खाचेच्या रूपाने असतो, कॅसेटवर लोहचुंबकाच्या खुणांनी असतो. कॅसेटची प्रत काढली की खरखर वाढते, प्रतीची प्रत काढली की आणखी वाढते. ही खरखरच एक प्रकारे दुकानदाराची राखण करीत होती. ज्याला चांगले ऐकायचे त्याला मूळ कॅसेट विकत घ्यावीच लागे.

१९८२ मध्ये सोनी आणि फिलिप्स यांची कॉम्पॅक्ट डिस्क, सीडी, बाजारात आली. तिच्यात आवाजाचे आकडे करून ठेवतात. दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजायचा आणि ती मोजमापे लिहून ठेवायची. आकड्यांची प्रत काढली तर ती मुळासारखीच निघते. शंभरावी प्रतसुद्धा पहिलीसारखीच. कंपन्यांना वाटले, सोन्याची खाण मिळाली, कारण लोकांनी जुनीच गाणी सीडीवर पुन्हा विकत घेतली. पण आपणच आपल्या कुलपाची किल्ली लोकांच्या हातात दिली, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

सीडीवरचे एक मिनिट गाणे संगणकात साधारण दहा मेगाबाइट जागा खाते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधकांनी माणसाच्या कानाला जे ऐकूच येत नाही ते काढून टाकून ही जागा दहा-अकरा पटींनी कमी करण्याची युक्ती काढली. तिलाच एमपी-थ्री म्हणतात. १९९५ मध्ये तिला हे नाव मिळाले. गाणे एवढे हलके झाले की ते टेलिफोनच्या तारेतून जाऊ लागले. १९९९ च्या जूनमध्ये शॉन फॅनिंग नावाच्या अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोराने 'नॅपस्टर' काढले. एकाच्या संगणकातले गाणे दुसऱ्याने फुकट घ्यावे, अशी ती सोय. कंपन्यांनी कोर्टात खेचून २००१ मध्ये ते बंद पाडले. पण बाटलीतून सुटलेले भूत परत बाटलीत जात नाही.

त्याच वर्षी ॲपल कंपनीने 'आयपॉड' काढला, आणि २००३ च्या एप्रिलमध्ये आयट्यून्सचे दुकान उघडले. एक गाणे ९९ सेंटला. आता एका गाण्यासाठी दहा गाण्यांची सीडी घ्यायची गरज उरली नाही. दुकानांचा कणा मोडला तो इथे. अमेरिकेत १९९९ साली गाण्यांच्या विक्रीचा एकूण व्यवहार १४.६ अब्ज डॉलरचा होता. २०१५ पर्यंत तो सात अब्जांच्या खाली आला. सॅक्रॅमेंटो गावात १९६० साली सुरू झालेली 'टॉवर रेकॉर्ड्स' ही जगभर पसरलेली दुकानांची साखळी २००४ मध्ये दिवाळखोरीत गेली, सावरली नाही, आणि २००६ च्या अखेरीला अमेरिकेतली तिची दुकाने बंद झाली. इंग्लंडात एचएमव्हीच्या दुकानांवर २०१३ च्या जानेवारीत प्रशासक नेमावा लागला. त्याच वर्षी कलकत्त्यात पार्क स्ट्रीटवरचे 'म्युझिक वर्ल्ड' बंद झाले. मुंबईत १९९९ मध्ये मोठ्या थाटात सुरू झालेली 'प्लॅनेट एम' पुढे दुसऱ्या उद्योगसमूहाला विकली गेली आणि हळूहळू विरून गेली.

परंतु सगळा दोष यंत्राला देऊन चालणार नाही. जपानात सीडीची दुकाने खूप जास्त टिकली. तिथे टॉवर रेकॉर्ड्सचा कारभार आधीच वेगळा झाला होता, आणि टोकियोतले त्यांचे अनेक मजल्यांचे दुकान अमेरिकेतली मूळ कंपनी बुडाल्यावरही चालत राहिले. म्हणजे यंत्र सगळीकडे सारखे आणि परिणाम वेगळा. मुंबईत यंत्राच्या जोडीला दुसरा एक वैरी होता, तो म्हणजे जागेचा भाव. गिरण्यांचे काय झाले ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. १९८२ च्या १८ जानेवारीला अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतरच्या वर्षांत मालकांना कापडापेक्षा जमीन गोड वाटू लागली. दुकानांचेही तेच. जी जागा गाणी विकून महिन्याला अमुक मिळवते, तीच विकली तर कोट्यवधी मिळतात. ऱ्हिदम हाऊस बंद झाल्यावर ती जागा २०१७ मध्ये नीरव मोदीच्या कंपनीने घेतली, आणि दुसऱ्याच वर्षी बँक घोटाळ्याच्या तपासात तिच्यावर जप्ती आली. जिथे गाण्यांची कपाटे होती तिथे सरकारी सील! याला काय म्हणावे?

कॅसेटवाल्याचे पुढे काय झाले

वस्तीतला कॅसेटवाला एका दिवसात गेला नाही. त्याने पुष्कळ झुंज दिली. आधी त्याने कॅसेटच्या जोडीला सीडी ठेवल्या. मग एका सीडीवर शंभर-दीडशे गाण्यांच्या एमपी-थ्री आल्या, स्टेशनबाहेर फुटपाथवर मातीमोल भावाने विकल्या जाऊ लागल्या. मग मोबाईल आले, त्यात मेमरी कार्ड आले. त्याने दुकानात एक संगणक मांडला आणि बाहेर पाटी लावली, 'गाणी भरून मिळतील'. वीस-तीस रुपयांत कार्ड भरून. पंधरा वर्षांपूर्वी कोरी कॅसेट भरून देणारा तोच माणूस, तेच काम, फक्त हत्यार बदललेले. मग २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले. इंटरनेट इतके स्वस्त झाले की गाणे भरून घ्यायचीच गरज उरली नाही. तेव्हा ती पाटीसुद्धा उतरली. कोणी रिचार्ज विकू लागला, कोणी काच बदलू लागला, कोणी गावाला गेला.

सायझिंग खात्यात, विणाई खात्यात नवी यंत्रे आली तेव्हा आमच्या सोबत्यांचे असेच झाले होते. हातात कसब असते, पण त्या कसबाला गिऱ्हाईक नसते.

सगळे वाईटच झाले काय?

नाही. तसे म्हणणे खोटेपणाचे होईल. आज औरंगाबाद म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात एकतारीवर भीमगीत गातात आणि लाखो माणसे ते मोबाईलवर ऐकतात. त्यांना कोणत्या कंपनीच्या दारात उभे राहावे लागले नाही. "असलं आम्ही ठेवत नाही" म्हणणारा काउंटर मध्ये उरलेला नाही. ही फार मोठी गोष्ट आहे. बाबासाहेबांनी १९५५ मध्ये बीबीसीला दिलेली मुलाखत, त्यांचा प्रत्यक्ष आवाज, आज चौथीतले पोर घरबसल्या ऐकू शकते. आमच्या आजोबांना हे स्वप्नातसुद्धा खरे वाटले नसते.

रेकॉर्डसुद्धा मेली म्हणता म्हणता उठून बसली. अमेरिकेत २०२२ साली सीडींपेक्षा रेकॉर्ड जास्त खपल्या, १९८७ नंतर प्रथमच. रेकॉर्ड साधारण ४ कोटी १० लाख, सीडी ३ कोटी ३० लाख. हौशी श्रीमंत तरुण आता पुन्हा रेकॉर्ड घेतात. एचएमव्ही कंपनीचे नाव २००० साली 'सारेगामा' झाले. तिने २०१७ मध्ये पाच हजार जुनी गाणी भरलेला 'कारवाँ' नावाचा रेडिओसारखा डबा काढला आणि तो म्हाताऱ्या माणसांसाठी धडाक्याने खपला. ज्या गाण्यामागे पैसेवाला रसिक उभा आहे त्याची काळजी बाजार घेतो. सवाल आहे तो ज्याच्यामागे असा रसिक नाही, त्या गाण्याचा.

आपल्या गाण्याचे काय?

आता गौहरजानकडे परत येऊ. १९०२ साली तिने गाण्याच्या शेवटी आपले नाव सांगितले. कॅसेटच्या जमान्यात आतल्या कागदावर, बारीक अक्षरात का होईना, गीतकार, गायक, संगीतकार, वादक यांची नावे छापलेली असत. आज मोबाईलवर आपले एखादे जुने भीमगीत उघडून बघा. वर लिहिलेले असते 'सुपरहिट भीमगीत', 'नॉनस्टॉप', 'डीजे मिक्स'. कोणी लिहिले? नाव नाही. कोणी गायले? कधी बरोबर, कधी चूक, पुष्कळदा नाहीच. वामनदादांचे गाणे दुसऱ्याच्या नावावर, दुसऱ्याचे वामनदादांच्या नावावर. आमच्या बाजूच्या गल्लीतल्या ज्या कवीने रात्रपाळी करून गाणी लिहिली आणि एका छोट्या कंपनीने ती कॅसेटवर काढली, त्याचे नाव आता कुठे शोधायचे? कंपनी बुडाली, दुकान गेले, दुकानदाराची आठवण त्याच्याबरोबर गेली.

हजारो वर्षे ज्या समाजाला नाव नव्हते, म्हणजे नाव होते पण कोणी लिहून ठेवत नव्हते, त्या समाजाच्या कवींची नावे पुन्हा पुसली जाणार असतील तर ती साधी गोष्ट नाही.

यात पैशाचाही प्रश्न आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. त्याप्रमाणे गीतकार आणि संगीतकार यांना गाण्याच्या पुढच्या वापराच्या मानधनात वाटा मिळण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क त्यांच्याकडून लिहून घेऊन काढता येत नाही. कवीच्या निधनानंतर साठ वर्षे त्याच्या वारसांचा हक्क राहतो. पण हक्क सिद्ध करायला गाणे कोणाचे हे आधी माहीत पाहिजे. नावच नाही तर हक्क कुठला? नाव पुसले गेले की वारसाच्या ताटातला घासही जातो.

मुंबईत १९९० मध्ये जुन्या रेकॉर्डच्या संग्राहकांनी एकत्र येऊन 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था काढली. नोकरीधंदा सांभाळून या लोकांनी जुन्या तबकड्या शोधल्या, त्यांच्या याद्या केल्या, त्यांची माहिती छापली. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीच्या गाण्याचाही पत्ता लागतो. त्यांनी तबकडीसाठी जे केले ते आपल्या कॅसेटींसाठी आपणच करायला पाहिजे. दुसरा कोणी येऊन करणार नाही.

म्हणून आमची वस्तीतल्या सर्व कुटुंबांना कळकळीची विनंती आहे. माळ्यावर, पेटीत, कपाटाच्या मागे ज्या जुन्या कॅसेटी पडल्या असतील त्या भंगारवाल्याला देऊ नका. मुंबईच्या दमट हवेत फितीला बुरशी लागते, ती चिकटते, तिचे वय काही फार नसते. आज वाचवली तर वाचेल, दहा वर्षांनी वाचवायला काही राहणार नाही. कॅसेट वाजवण्याआधी तिच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लॅस्टिकचे दात मोडा, म्हणजे चुकून बटण दाबले तरी ती पुसली जाणार नाही. स्पीकरजवळ, लोहचुंबकाजवळ ठेवू नका. वर्षातून एकदा पुढे-मागे फिरवून ठेवा. आतला कागद तर जिवापाड जपा, कारण नावे तिथे आहेत. जमलेल्या तरुण पोरांनी त्या कॅसेटी संगणकात उतरवून घ्याव्यात, विहाराच्या ग्रंथालयात एक वही घालावी आणि तिच्यात प्रत्येक कॅसेटीचे नाव, साल, गीतकार, गायक, वादक, कंपनी लिहून काढावे. उतरवलेली गाणी हक्कदारांना विचारल्याशिवाय इंटरनेटवर मात्र टाकू नयेत.

आणि ज्यांची दुकाने होती ते दुकानदार अजून आपल्यात आहेत. काही सत्तरीच्या पुढे गेलेत. त्यांना विहारात बोलवा, चहा द्या आणि एकेक गाण्याची माहिती विचारून लिहून घ्या. त्यांच्या डोक्यात जे आहे ते कुठल्याही मोबाईलमध्ये नाही.

दुकाने परत येणार नाहीत. गिरण्याही परत आल्या नाहीत. पण गिरणगावाचा इतिहास कामगारांनीच सांगितला म्हणून तो शिल्लक राहिला. आपल्या गाण्यांचा इतिहासही आपण सांगितला तरच राहील. पुढच्या पिढीतले एखादे लेकरू विचारील, "हे गाणं कोणी लिहिलं?" तेव्हा वहीतले पान उघडून त्याला नाव दाखवता आले पाहिजे.

जयभीम! नमो बुद्धाय!